तवंदीच्या वाऱ्यात उतरलेले विमान

जबाब, बेळगाव शहर पोलीस ठाणे, ता. 23 जुलै 1938, शनिवार.

नाव विनोदिनी मार्तंड हेरेकर, वय 32, धंदा डॉक्टरी, राहणार रामदेव गल्ली, बेळगाव.

समक्ष विचारल्यावरून सांगते की, मी वरील ठिकाणी राहते व घराच्या खालच्या मजल्यावर बायका-मुलांचा दवाखाना चालवते. काल ठाण्यातून चिठ्ठी आली म्हणून आज सकाळी दवाखाना आटोपून हजर झाले. सोबत घरचे पुरुष माणूस का नाही असे विचारण्यात आले. वडील वकील आहेत, ते कोर्टात गेले आहेत. शिवाय विमानात ते नव्हते, मी होते.

विमान कंपनीचे व्यवस्थापक श्री. कुलगोड यांनी दिलेली फिर्याद मला वाचून दाखवण्यात आली. तिचा मतलब असा की, कंपनीचे वैमानिक उपेंद्र नाडगौडा यांनी मंगळवारी परवानगी न घेता मच्छ्याच्या माळावरून विमान नेले, एका बाईस सहलीला घेऊन गेले, आणि वारा खराब असताना हयगयीने व बेदरकारपणे निपाणीजवळ उतरवून विमानाची मोडतोड केली. ती बाई मी. फिर्यादीतला 'सहल' हा शब्द सोडून बाकीच्या मजकुराबद्दल मला जे माहीत आहे ते सांगते.

निपाणीच्या एका तंबाखूच्या वखारीत परशराम नावाचा इसम कामाला आहे. त्याची बायको जयाबाई माझी पेशंट आहे. तिचे पहिले मूल पोटातच गेले होते. यावेळी नववा महिना लागताच बेळगावला येऊन राहा असे मी तिला बजावले होते. ती निघणार तोच पावसाने जोर धरला व तिचे येणे राहिले. मंगळवारी सकाळी परशरामची तार आली. पोस्टमास्तरांनी लिहून दिलेली इंग्रजी तार होती. वेणा सुरू आहेत, मुलाचा हात आधी बाहेर आला आहे, लवकर या, एवढाच मजकूर. निपाणीचे डॉक्टर कोल्हापूरला गेलेले होते आणि वेदगंगेला पूर आल्यामुळे पलीकडेच अडकले होते. हे तारेत नव्हते, मला नंतर कळले. पण तिथले डॉक्टर गावात असते तर तार मला आली नसती, इतके मी समजले.

हात आधी बाहेर आला म्हणजे काय असे फौजदारसाहेबांनी विचारले. मूल पोटात आडवे आहे. ते आत फिरवून पायाकडून काढावे लागते. नाही काढले तर आई आणि मूल दोघेही जातात. त्याला फार वेळ हातात नसतो.

मी बॅग घेऊन मोटार स्टँडवर गेले. निपाणी-कोल्हापूरची सर्व्हिस मोटार उभी होती पण सुटत नव्हती. ड्रायव्हर मडगार्डवर बसून चहा पीत होता. तो म्हणाला, "संकेश्वरापाशी हिरण्यकेशीचं पानी रस्त्यावर आलंय, डॉक्टरीणबाई. गाडी न्हाय जायाची. उडून गेलासा तर पोचशीला." बाकीचे उतारू हसले. ड्रायव्हरने ते थट्टेने म्हटले होते. मी टांगा केला आणि मच्छ्याला न्यायला सांगितले. टांगेवाल्याने निपाणी त्या दिशेला नाही असे सांगितले. मी म्हटले मला माहीत आहे.

मच्छ्याच्या माळावर उन्हाळ्यापासून एक विमान आहे हे बेळगावात सर्वांना माहीत होते. कंपनीने ते लोकांना हवेतून फिरवून आणण्यासाठी आणले होते. पावसाळ्याच्या तोंडावर परत जायचे ते चिखलामुळे अडकून पडले, म्हणून ताडपत्रीखाली खुंट्यांना बांधून ठेवलेले होते. मी यापूर्वी त्यात कधी बसले नव्हते. वैमानिकांना त्या दिवसापूर्वी पाहिलेही नव्हते.

मी पोचले तेव्हा नाडगौडा राहुटीबाहेर पेटीवर आरसा ठेवून दाढी करत होते. अर्ध्या गालाला साबण होता. मी तार दाखवली. त्यांनी ती वाचली आणि म्हणाले, "साहेबांची परवानगी लागते."

"साहेब कुठे आहेत?"

"गावात, लॉजिंगमध्ये."

"मी आता गावातूनच आले. पुन्हा गावात जायचं, साहेबांना उठवायचं, आणि पुन्हा इथे यायचं. तेवढ्यात काय होईल ते तुम्हाला सांगू का?"

ते म्हणाले, "सांगू नका." मग त्यांनी आभाळाकडे पाहिले. पाऊस दोन दिवस उघडलेला होता, माळ मुरमाचा असल्यामुळे वरून सुकला होता, पण वारा सुटलेला होता. विमान खुंट्यांना बांधलेल्या जागी हलत होते. मग ते माझ्याकडे पाहून म्हणाले, "तुमचं वजन किती?"

हा प्रश्न त्यांनी विमानासाठी विचारला. मी उत्तर दिले. ते जबाबात लिहिण्याची गरज नाही.

परवानगी घेतली नाही हे खरे आहे. मी ती घेऊ दिली नाही असेही म्हणता येईल. माळावर रवळू नावाचा राखणदार आहे. त्याने विमानाच्या नाकावरचा पंखा हाताने फिरवून इंजिन चालू केले. तो म्हणत होता, "वारं लई हाय, सायेब. बगा बरं का." नाडगौडांनी दाढी पुरी केली नाही.

विमान दोन मजली पंखांचे, वर उघडे. बसायला दोन खड्डे, पुढच्यात मी आणि मागच्यात ते. मला कातड्याची टोपी आणि चष्मा दिला. बॅग मी मांडीवर घेतली, त्यांनी ती पट्ट्याने बांधून दिली. बॅगेत चिमटे, दोरे, हातमोजे, औषधे आणि क्लोरोफॉर्मची बाटली होती. सहलीला जाताना माणूस काय नेतो ते मला माहीत आहे. यांतले काही नेत नाही.

बोलण्यासाठी दोघांमध्ये रबरी नळी होती.  वर गेल्यावर पाच-सात मिनिटांनी नाडगौडांनी विचारले, "डॉक्टर, ठीक आहात ना?" मी म्हटले, "भीती वाटते आहे, पण मजाही वाटते आहे." हे जबाबात घ्यावे की नाही याबद्दल हवालदारांनी फौजदारसाहेबांकडे पाहिले. घ्यावे. मी प्रथमच बेळगावचा किल्ला वरून पाहिला. तो वाटीसारखा गोल आहे.

वारा डाव्या अंगाने येत होता. विमान मधूनमधून एकदम खाली जाई आणि पुन्हा उचलले जाई.  संकेश्वरापाशी हिरण्यकेशी दिसली. रस्ता पाण्यात शिरत होता आणि बऱ्याच अंतराने पलीकडे बाहेर निघत होता. अलीकडे बैलगाड्यांची रांग उभी होती. लोक वर पाहून हात हलवत होते. मीही हलवला.

तवंदीचा घाट ओलांडल्यावर निपाणी दिसली. गावाच्या अलीकडे गुरे चारण्याचा एक लांबट माळ आहे. नाडगौडांनी त्यावरून एक फेरी मारली. माळावर एक इसम छत्री घेऊन म्हशी राखत होता. आम्ही वरून पाहत असतानाच त्याची छत्री उलटी झाली, हातातून सुटली, आधी गावाच्या दिशेने गेली आणि मध्येच वळून घाटाच्या दिशेने परत आली. छत्री विमानामुळे गेली अशी त्या इसमाची समजूत आहे असे कळते. ते बरोबर नाही. आम्ही तेव्हा बरेच वर होतो. छत्री वाऱ्याने गेली.

नाडगौडा नळीतून म्हणाले, "पाहिलीत छत्री? घाटातून उतरणारा वारा आहे हा. घटकेत इकडून, घटकेत तिकडून. उतरलो तर विमान मोडण्याचा संभव फार आहे. परत जाऊ या."

मी विचारले, "मोडलं तर आपल्याला त्यातून बाहेर पडून चालत जाता येईल का?"

त्यांनी विमान सरळ केले. मग म्हणाले, "बहुतेक येईल."

मी म्हटले, "मग उतरवा."

त्यांनी आणखी एक फेरी मारली. खाली एका घराच्या धुराड्यातून धूर निघत होता, तो कोणीकडे वाकतो ते पाहिले असावे. म्हशी बाजूला व्हाव्यात म्हणून इंजिनाचा आवाज वाढवला. म्हशी बाजूला झाल्या. मग ते वाऱ्याला तोंड करून खाली आले. चाके जमिनीला अगदी हळू लागली. मला ते कळलेसुद्धा नाही, खडखडाट ऐकून कळले. हे मी मुद्दाम सांगते, कारण फिर्यादीत विमान आदळले असे लिहिले आहे. उतरताना ते आदळले नाही.

आम्ही जमिनीवरून धावत होतो, वेग कमी होत होता, आणि मी बॅगेचा पट्टा सोडायला हात घातला होता. तेवढ्यात उजवीकडून वाऱ्याचा झोत आला. उजवीकडचे दोन्ही पंख कोणी खालून हात घालून उचलावे तसे उचलले गेले. डावे पंख जमिनीत घुसले, विमान गर्रकन फिरले, एक चाक बांधावर चढले आणि विमान नाकावर उभे राहून सावकाश उताणे पडले. सावकाश म्हणजे मला सावकाश वाटले. मनगटावरचे घड्याळ तेव्हा फुटले, म्हणून यापुढच्या वेळा मला सांगता येणार नाहीत.

आम्ही दोघे पट्ट्यांना उलटे लोंबत होतो. मागून आवाज आला, "डॉक्टर, आहात का?"

मी म्हटले, "आहे. तुम्ही?"

"मीही आहे. पट्टा सोडण्याआधी एक हात जमिनीला लावा, नाहीतर डोक्यावर पडाल."

हे त्यांनी सांगितले तेव्हा मी पट्टा सोडलेला होता. कपाळावरचे टेंगूळ त्याचे आहे. दुसरी इजा नाही. मी बॅग घेऊन सरपटत बाहेर आले. बॅग धड होती, बाटली फुटली नव्हती.

वरच्या पंखातली पेट्रोलची टाकी आता खाली आली होती आणि गळत होती. म्हशींवाला इसम, ज्याचे नाव मारुतीराव असे मागाहून कळले, धावत आला. त्याच्यामागून शेतांतले पंधरा-वीस लोक आले. निपाणीचा भाग असल्यामुळे त्यातल्या बहुतेकांच्या तोंडात बिडी होती. नाडगौडा आतून ओरडले, "बिडी! बिडी!" मारुतीरावला वाटले त्यांना बिडी पाहिजे. त्याने कानामागची बिडी काढली, आपल्या पेटत्या बिडीवर शिलगावली, आणि "घ्या सायेब, जिवाला बरं वाटंल," असे म्हणत वाकून आत हात घातला.

मी त्याच्या हातावर चापट मारली व दोन्ही बिड्या चिखलात पाडल्या. मारुतीरावला मी मारल्याबद्दल त्याची तक्रार असल्यास मला मान्य आहे. मग मी बाकीच्यांना ओरडून सांगितले की तेल सांडले आहे, बिड्या टाका आणि मागे व्हा. सर्वांनी टाकल्या. एका म्हाताऱ्याने आधी एक झुरका घेतला व मग टाकली. नाडगौडांना त्यांनी पायांना धरून बाहेर ओढले. ते उठून उभे राहिले. त्यांनी विमानाकडे एकदाच पाहिले. मी विचारले, "लागलं का?" ते म्हणाले, "नाही. पेशंट कुठे आहे?"

मारुतीरावची गाडी बांधाजवळ सोडलेली होती. मी परशरामचे नाव सांगताच तो म्हणाला, "जयाक्काकडं व्हय? चला की मग! बसा, बसा." त्याने बैल जुंपले. वाटेत जो भेटेल त्याला तो सांगत होता, "इमान पडलं रं माळावर! डॉक्टरीण आलती त्यात!" त्यामुळे घरी पोचेपर्यंत निम्मे गाव आमच्या मागे होते.

घरात जयाबाईची सासू रुक्माबाई व सुईण नागुबाई होत्या. परशराम ओट्यावर डोके धरून बसलेला होता. तो माझ्या टोपीकडे पाहत राहिला. टोपी काढायची राहिली होती. जयाबाई शुद्धीवर होती पण बोलण्याच्या पलीकडे गेली होती. नागुबाईने मुलाचा हात ओढलेला नव्हता, हळद-पाण्याच्या स्वच्छ फडक्यात गुंडाळून ठेवला होता. बहुतेक ठिकाणी तो ओढतात. मी तिला तसे म्हटले. ती म्हणाली, "म्या वाट बगत हुते. तार केलीया म्हनल्यावर कोनीतरी येनारच की."

मूल आत फिरवायचे तर बाईला गुंगी द्यावी लागते. मी हात आत घालणार, मग क्लोरोफॉर्म कोण देणार? नागुबाईचे हात मला पोटावर हवे होते. परशराम उभा राहण्याच्या स्थितीत नव्हता. मी दारात गेले आणि नाडगौडांना विचारले, "तुम्हाला थेंब मोजता येतील का?" ते म्हणाले, "येतील."

रुक्माबाई दारात आडवी आली. "बाप्या मानूस आत न्हाय यायाचा. आमच्यात चालत न्हाय."

त्यावर नागुबाई आतून म्हणाली, "अगं, आभाळातनं पडलेला मानूस त्यो. त्येला कसला बाप्या म्हनतीस! येऊ दे त्येला, पोरगी मरायला लागलीया."

रुक्माबाई बाजूला झाली. मध्ये लुगड्याचा आडपडदा धरला. नाडगौडा जयाबाईच्या डोक्याशी बसले. त्यांना फडके कसे धरायचे, थेंब कसे टाकायचे, श्वास कसा ऐकायचा ते मी सांगितले. ते सर्व उजव्या हाताने करत होते. डावा हात मांडीवर मेल्यासारखा पडलेला होता आणि खांदा पुढे वाकलेला होता. तेव्हा मला दिसले.

मी विचारले, "त्या हाताला काय झालं?"

ते म्हणाले, "हातच आहे, डॉक्टर. तुम्ही तुमचं चालू द्या. किती थेंब झाले ते मी मोठ्याने मोजू का?"

मी म्हटले मोजा.

त्यांच्या गळ्याखालचे हाड मोडलेले होते. मोडलेल्या हाडाने बैलगाडीत बसून आले होते, आणि मी वाटेत मारुतीरावला बैल पळवायला सांगत होते.

पुढचे काम सांगण्याची आवश्यकता नाही असे फौजदारसाहेब म्हणाले. थोडक्यात सांगते. मुलाचा पाय मिळाला. मूल आले. मुलगी होती. ती निळी होती व श्वास घेत नव्हती. मी तिच्या तोंडात फुंकर घातली, नागुबाईने पाठ चोळली. पडद्यापलीकडे मोजणे थांबले होते.   मग ती रडली. आधी बारीक, मग चांगली मोठ्याने. बाहेरच्या लोकांनी ओरडा केला. रुक्माबाई माझ्या गळ्यात पडली. याच वेळी पडद्यापलीकडे काहीतरी धपकन पडल्याचा आवाज झाला. ते वैमानिक होते. बेशुद्ध झाले होते. बाटली त्यांनी आधी बूच लावून भिंतीशी ठेवली होती.

जयाबाईचे सर्व व्यवस्थित झाल्यावर मी नाडगौडांच्या खांद्याला रुक्माबाईच्या लुगड्याच्या पट्ट्या बांधल्या. शुद्धीवर आल्यावर त्यांनी पहिल्यांदा मुलीबद्दल विचारले. दुसऱ्यांदा उरलेली दाढी करायला वस्तरा मिळेल का असे विचारले. न्हावी बोलावला. त्याने केली.

गुरुवारी पाणी ओसरले. पहिल्या मोटारीने कुलगोडसाहेब निपाणीला आले. मी तेव्हा माळावर होते, चष्मा राहिला होता तो शोधायला गेले होते. त्यांनी टोपी हातात घेऊन विमानाभोवती चक्कर मारली, वाकून आत पाहिले आणि म्हणाले, "इंजिन शाबूत आहे." आम्ही डॉक्टर लोक पेशंटच्या नातेवाइकांना जसे सांगतो तसे म्हणाले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "बाई, मला विचारायला हवं होतं."

मी म्हटले, "विचारलं असतं तर तुम्ही काय म्हटलं असतं?"

त्यांनी प्रामाणिकपणे सांगितले, "नाही म्हटलं असतं."

त्यांच्याबद्दल माझ्या मनात राग नाही. मी त्यांना परशरामच्या घरी नेले. रुक्माबाईने त्यांना चहा दिला व मुलगी मांडीवर ठेवली. त्यांनी ती नीट धरली. विमा कंपनीसाठी फिर्याद द्यावीच लागते असे ते मला तिथे म्हणाले. फिर्यादीत 'सहल' कशी आली ते मात्र मला माहीत नाही. कुलगोडसाहेब आज ठाण्यात बाहेरच्या बाकावर बसले आहेत. तो शब्द त्यांनी नव्हे, फिर्याद लिहून देणाऱ्या कारकुनाने घातला आणि तो खोडायला त्यांची हरकत नाही, असे त्यांनी दारातून सांगितले. फौजदारसाहेबांनी त्यांना दारातून बोलू नये अशी समज दिली.

यानंतर निपाणी पोलिसांनी नाडगौडा यांचा घेतलेला जबाब मला वाचून दाखवण्यात आला. त्यात त्यांनी असे सांगितले आहे की, निपाणीवर आल्यावर वारा पाहून डॉक्टरबाई घाबरल्या व त्यांनी परत फिरण्यास सांगितले, परंतु मी माझ्या कसबाच्या भरवशावर त्यांचे न ऐकता विमान उतरवले, तरी झालेल्या प्रकारास मी एकटा जबाबदार आहे.

हे खोटे आहे. परत फिरू या असे ते म्हणाले. उतरवा असे मी म्हटले. विमान मोडेल हे त्यांनी मला आधी सांगितले होते आणि मोडले तरी चालेल असे मी ठरवले. ते विमान माझे नव्हते, तरी मी ठरवले. त्यांच्या जबाबावरून त्यांचा परवाना जाईल, आणि विमान चालवण्यावाचून त्यांना दुसरे काही करायचे नाही, हे मी चार दिवसांत समजले आहे. परवान्याची चौकशी करण्यास मुंबईहून जे साहेब येतील त्यांच्यासमोर मी हेच सांगेन. आणि मी घाबरून परत फिरा म्हटले, हे कागदावर राहिलेले मला चालणार नाही.

नाडगौडांनी असा खोटा जबाब का दिला असे मला विचारण्यात आले. मला माहीत नाही.

पुन्हा विचारल्यावरून सांगते की, मला माहीत आहे, पण त्याचा विमानाच्या अपघाताशी संबंध नाही.

खोटा जबाब दिल्याबद्दल त्यांच्यावर काही होते काय, असे मी फौजदारसाहेबांना विचारले. दुसऱ्यावर ढकलण्यासाठी खोटे बोलणारे रोज येतात, स्वतःवर ओढून घेणारा बऱ्याच वर्षांत आला नाही, त्याचे कलम पाहावे लागेल, असे ते म्हणाले. ते हसत होते, त्यामुळे मी त्याची चिंता करत नाही.

नाडगौडा सध्या परशरामच्या घरी आहेत. मोडलेले हाड घेऊन मोटारीचे धक्के खाऊ नयेत म्हणून मीच त्यांना तिथे ठेवले आहे. रुक्माबाई त्यांना दोन वेळा सांजा खायला घालते आणि ओट्यावर कोणी नवीन माणूस आले की त्यांना बाहेर आणून दाखवते. मी काल तिथून निघाले तेव्हा जयाबाई उठून बसली होती. माझी नाडगौडांविरुद्ध कोणतीही तक्रार नाही.

मी बेळगाव सोडून कोठे जाणार आहे काय, असे विचारण्यात आले. उद्या रविवारी निपाणीला जाणार आहे. खांद्याच्या पट्ट्या सैल होतात, त्या पुन्हा आवळाव्या लागतात. निपाणीचे डॉक्टर आता कोल्हापूरहून परत आले आहेत आणि पट्ट्या आवळणे त्यांनाही जमेल, असे फौजदारसाहेबांनी निदर्शनास आणले. ते खरे आहे. त्यांना चांगले जमेल.

मी पहिल्या मोटारीने जाणार आहे.

हा जबाब हवालदारांनी मला सावकाश वाचून दाखवला. मधली दोन वाक्ये गाळावीत काय असे त्यांनी विचारले, मी नको म्हटले. मी जे बोलले तेच लिहिले आहे, त्यात कमीजास्त नाही, म्हणून खाली सही करत आहे.

विनोदिनी मार्तंड हेरेकर